मदरबोर्ड उडालेला नाही, कार्ड म्हातारं झालंय

प्रश्न : ताई, माझं बार्शीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, हँडबिलं असलं काम. २०१९ मध्ये मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवा घेतला, आय-फाइव्ह, आठवी पिढी. हार्डडिस्क आणि ग्राफिक कार्ड मात्र जुन्याच मशीनचं ठेवलं, कारण सगळे फॉन्ट आणि पत्रिकांचे नमुने परत भरत बसायला नको. आता विंडोज ११ टाकायला गेलो तर सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) नाही असा मेसेज आला. भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ‘सीएसएम’ डिसेबल केलं, एफ-१० दाबलं, आणि तेव्हापासून स्क्रीन काळी. पंखे फिरतात, एक लांब बीप येते, मागोमाग तीन आखूड. डिलीट दाबून बायोसही उघडत नाही. इथला दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड उडाला, नऊ हजार लागतील. लग्नसराई तोंडावर आहे. काय करू?

उत्तर : नऊ हजार खिशातच राहू द्या. मदरबोर्ड खरंच उडाला असता तर बीप कुठून आली असती? बीप देतोय म्हणजे तो जागा आहे, प्रोसेसर आणि रॅम बघून पुढे आलाय आणि चित्र दाखवायला जागा सापडत नाही म्हणून ओरडतोय. बीपची भाषा कंपनीगणिक बदलते, पण एक लांब आणि मागून तीन आखूड ही बऱ्याच बोर्डांवर ग्राफिकचीच तक्रार असते.

भाच्याने नेमकं काय केलं ते आधी समजून घ्या. तुमचा २०१९ चा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतो. तुमचं ग्राफिक कार्ड मात्र जुन्या मशीनचं. साधारण २०१२ च्या आधीच्या कार्डांना जुन्या बायोसचीच भाषा येते. या दोघांच्या मध्ये बसलेला दुभाष्या म्हणजे सीएसएम. भाच्याने त्या दुभाष्यालाच घरी पाठवलं. आता बोर्ड बोलतोय आणि कार्डाला काही कळत नाही. बहुतेक तुम्ही डिलीट दाबता तेव्हा बायोस उघडतही असेल, फक्त तुम्हाला दिसत नाही. काही बोर्ड असं कार्ड दिसलं की आपणहून सीएसएम परत चालू करतात. तुमचा त्यातला दिसत नाही.

आता करायचं काय? मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग ग्राफिक कार्ड काढून बाजूला ठेवा. मॉनिटरची केबल बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टला लावा. तो मागच्या बाजूला, यूएसबीच्या जागांजवळ असतो. आठव्या पिढीच्या डेस्कटॉप आय-फाइव्हमध्ये चित्राची सोय प्रोसेसरमध्येच आहे, त्यामुळे कार्डाची गरज नाही. (इतर वाचकांसाठी : प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ही सोय नसते, तेव्हा कुणाचं तरी नवं कार्ड तासाभरासाठी मागून आणावं लागेल.) एका पतसंस्थेच्या मशीनवर मी स्वतः अर्धा दिवस घालवला होता. कार्ड काढलं नव्हतं आणि केबल कार्डालाच होती. ती शेवटी चहा घेऊन आलेल्या मुलाने दाखवली.

आता चालू करून डिलीट दाबत राहा. बायोस दिसलं की सीएसएम परत एनेबल करा, एफ-१० दाबा, बंद करून कार्ड जागेवर लावा. तुमच्या पत्रिका जिथल्या तिथे सापडतील. बायोसचं सेटिंग बदलल्याने हार्डडिस्कवरचं अक्षरही पुसलं जात नाही.

तरीही काळोखच असेल तर बोर्डावरचा गोल सेल काढा. सीआर-२०३२ लिहिलेला असतो, तीन व्होल्टचा. दहा मिनिटं थांबून नवाच बसवा, कारण २०१९ चा सेल तसाही दमलेला असणार. अधिकची खूण वर. याने बायोसची सगळी सेटिंग मुळावर जातात. काही बोर्डांवर मूळ सेटिंगमध्येही सीएसएम बंदच असतं, म्हणून या वेळीही केबल बोर्डालाच ठेवा. सुरू झालं की पहिल्यांदा तारीख-वेळ बघा. ती जुनी राहिली तर बँकेची आणि जीएसटीची साईट उघडणार नाही आणि तुम्ही उगाच इंटरनेटवाल्याशी भांडाल.

हे झालं आजचं. विंडोज ११ ची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे तुमची दुसरी अडचण दबा धरून बसली आहे. समजा कार्ड नवं असतं, तरी सीएसएम बंद केल्यावर तुमचं विंडोज सुरू झालंच नसतं. डिस्क जुन्या मशीनची, म्हणजे तिच्यावरच्या पार्टिशनची (तुकड्यांची) मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असणार. यूईएफआयला विंडोज सुरू करायला नवी जीपीटी मांडणी लागते. खात्री करायची असेल तर स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. बायोस मोडपुढे ‘लेगसी’ (जुनी पद्धत) दिसलं तर माझा अंदाज बरोबर.

डिस्क न पुसता एमबीआरची जीपीटी करणारं साधन विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. त्याचं नावच एमबीआर-टू-जीपीटी. आधी ‘व्हॅलिडेट’ करून तपासायचं, मग ‘कन्व्हर्ट’. पण आपल्याकडे डिस्कचे तुकडे पाडायची फार हौस. सी विंडोजला, डी कामाला, ई गाण्यांना, एफ पाहुण्यांच्या फोटोंना. हे साधन तीनपेक्षा जास्त प्रायमरी (मुख्य) पार्टिशन चालवून घेत नाही, आणि एक्स्टेंडेड पार्टिशन (ज्याच्या पोटात आणखी पार्टिशन बसतात) असेल तर सरळ नकार देतं. विंडोजचं लपलेलं छोटं पार्टिशन धरलं तर सी, डी, ई एवढ्यातच मर्यादा ओलांडली जाते. मग ई-मधला माल बाहेरच्या डिस्कवर हलवून ते पार्टिशन काढावं लागतं. साधारण एक रविवार.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सगळ्या नमुन्यांची आणि फॉन्टची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग सीएसएम चालू असतानाच कन्व्हर्ट. मग कार्ड काढून केबल बोर्डाला, आणि त्यानंतरच सीएसएम बंद. विंडोज १० नव्या पद्धतीने नीट उघडतंय हे चार दिवस बघा, मग सिक्युअर बूट चालू करा. बायोस मुळावर नेलं असेल तर टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) हाही बंद झालेला असू शकतो, इंटेलच्या बोर्डांवर तो पीटीटी नावाखाली सापडतो. दर बदलाआधी भाच्याला त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायला सांगा. व्हिडिओ बघण्यापेक्षा ते उपयोगी. (लॅपटॉपवाल्यांनी आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी की कुठे आहे ते शोधावं. टीपीएमला हात लावला की ती मागितली जाते, आणि तेव्हा शोधून उपयोग नसतो.)

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा हे करावं लागणारच. पण लग्नसराईत नको. पत्रिकेवरचा मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, आणि अर्धवट पार्टिशनवर तुम्ही ऑर्डर घेऊ नये असं मला वाटतं. शेवटचा मुहूर्त गेला की रविवार काढा.

आणि सीएसएम एकदा कायमचं बंद झालं की ते कार्ड परत बसवू नका. पत्रिका बनवायला प्रोसेसरमधली सोय पुरते.