घुंऽऽ, कट-कट आणि खडखड: तीन आवाज म्हणजे तीन वेगळी दुखणी

तुमची गाडी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किलोमीटर झालेली. ताशी ६०च्या पुढे घुंऽऽ असा आवाज येतो आणि घाटात डाव्या वळणांवर तो वाढतो. पार्किंगमधून स्टीअरिंग पूर्ण वळवून बाहेर निघताना कट-कट-कट वाजतं. खराब रस्त्यावर २०-३०च्या वेगात पुढून खडखड होते आणि ती स्टीअरिंगखालून येतेय असं वाटतं. गॅरेजने चारही टायर आणि स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलायला सांगितलंय.

रॅकला सध्या हात लावू देऊ नका. तुमच्याच वर्णनावरून ही तीन वेगळी दुखणी दिसतात, आणि तिन्ही धरून रॅकपेक्षा बरीच स्वस्त आहेत. आवाज नेमका कधी येतो हे तुम्ही नीट लिहिलंय, तेच सगळ्यात कामाचं. कुठून येतो यावर फार विसंबू नका. पुढच्या उजव्या चाकाचा आवाज पत्र्यातून फिरून ड्रायव्हरला डाव्या बाजूने ऐकू येऊ शकतो, मागच्या बेअरिंगची (चाक ज्याच्या आधारावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्याची) गुणगुण पुढून येतेय असं वाटू शकतं.

आधी घुंऽऽ. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ६०-७०वर असताना क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा. इंजिनचे आरपीएम खाली येतील. आवाज तसाच राहिला तर तो गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे, इंजिनशी नाही. उरले टायर आणि बेअरिंग (क्वचित गिअरबॉक्समधला डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा). आता रस्त्याचा पोत बदलेल अशा ठिकाणी चालवा, काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर. टायरचा आवाज तिथे लगेच बदलतो, कधी जवळजवळ नाहीसा होतो. बेअरिंगला रस्ता कसला आहे याच्याशी देणंघेणं नसतं. मग मागेपुढे कोणी नसताना, आपल्याच लेनमध्ये, स्टीअरिंग हळुवार डावी-उजवीकडे झुलवा. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. म्हणून डाव्या वळणावर वाढणारा आणि उजव्या वळणावर कमी होणारा आवाज बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या बेअरिंगचा असतो. तुमच्या गॅरेजने डावीकडे वाढतो म्हणून डावं चाक धरलं असेल, तर तिथेच दिशा चुकली.

पुढचं की मागचं, हे जॅकवर कळतं. सपाट जमीन, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. गाडी नुसत्या जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग खाली घालू नका. चाक उचललं, गिअर न्यूट्रलला टाकला, की एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगवर अलगद टेकवा. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग शांत असते. खराब असेल तर बोटांना बारीक थरथर जाणवते, जात्याच्या खुंट्यावर हात ठेवल्यावर जाणवते तशी खरखर. कानाला काहीही ऐकू येत नसतानासुद्धा ही खरखर हाताला कळते. दोन्ही बाजू करून तुलना करा. मागच्या चाकांना हँडब्रेक सोडूनच तपासावं लागतं, त्यामुळे तिथे ठोकळे दुप्पट नीट लावा. इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरवायची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती टाळा. एकच चाक उचललेलं असेल तर डिफरन्शियलमुळे ते स्पीडोमीटरच्या दुप्पट वेगाने फिरतं, आणि चाक लोंबकळत असल्याने ड्राइव्ह शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) जॉइंट वाकड्या कोनात जाऊन एरवी नसलेले आवाज काढतात.

चाक वर आहे तोवरच खेळही (ढिलेपणाही) बघून घ्या. घड्याळाच्या १२ आणि ६ वर हात ठेवून चाक आत-बाहेर ढकला. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत ढकला. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचा) बॉल जॉइंट बघा. मग ३ आणि ९ वर. फक्त इथेच खेळ असेल तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीचं टोक) किंवा रॅकच्या आतला जॉइंट. बॉल जॉइंटमध्ये हाताला कळेल इतका खेळ निघाला तर ती गाडी चालवू नका. तो निसटला की चाक आडवं पडतं आणि स्टीअरिंग तुमच्या हातात राहत नाही.

टायरही वाया गेलेले नसतील असं नाही. तळवा टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडे गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं तर टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला आहे. परिघावर हात फिरवताना ठरावीक अंतरावर खळगे लागले तर ते बहुधा टायरचं रोटेशन (जागांची अदलाबदल) न केल्यामुळे किंवा शॉकअप ढिले झाल्यामुळे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये मागचा भाग हलका असतो, मागचे टायर रस्त्यावर उड्या मारत झिजतात आणि ते अगदी बेअरिंगसारखेच घुमतात. खात्री करायला मागचे पुढे, पुढचे मागे करा. आवाजाने जागा बदलली किंवा सूर बदलला तर टायर. चार टायरच्या पैशांपुढे ही चाचणी जवळपास फुकट आहे.

बेअरिंगच निघालं तर ते कसं बसवतात याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या, कारण नवीन बेअरिंग सहा महिन्यांत परत वाजतं ते बहुतेक वेळा बसवण्याच्या चुकीने. पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या धातूच्या भागात) दाबून बसवलेलं असतं. नकलमध्ये ढकलताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीवर) यायला हवा. हब (चाक ज्याला बसतं तो भाग) आत ढकलताना आतल्या रेसला खालून आधार हवा. जोर उलट्या रेसवर आला की तो बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, रेसवर सूक्ष्म खड्डे पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून आजारी होतं. हातोडा मारून बसवणाऱ्याकडून काम करून घेऊ नका, प्रेस हवाच. जुनं बेअरिंग एकदा काढलं की ते परत वापरायचं नसतं, काढतानाच त्याचा जीव जातो. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. कित्येक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत उघडावं लागतं, म्हणजे अजून एक बेअरिंग. ॲक्सलचा मोठा नट दरवेळी नवीन घ्या. तो गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) टॉर्क पान्यानेच आवळा. छोट्या गाड्यांत हा आकडा २०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, हाताच्या अंदाजाने तो येत नाही. हा नट नीट आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टाकून ती ढकलूसुद्धा नये. या नटाच्या दाबावरच बेअरिंगच्या आतल्या रेसचे दोन्ही भाग जागेवर राहतात.

पावसाळ्यात चाक बुडेल इतक्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तेही कारण धरा. तापलेला हब पाण्यात अचानक गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस धुतलं जातं, गंज चढतो, आणि आवाज दीड-दोन महिन्यांनी सुरू होतो. तोवर पाण्यातून गेल्याचं कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आता कट-कट-कट. इथे एकच गोष्ट तपासा: गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर वाजतं का? वाजत नसेल आणि चाकं फिरायला लागल्यावरच वाजत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा सांधा). रिकाम्या मैदानात पहिल्या गिअरवर, स्टीअरिंग पूर्ण वळवून, हलका ॲक्सिलरेटर देत दोन्ही दिशांना गोल फिरा, मग रिव्हर्समध्येही. चाकाचा वेग वाढेल तशी कट-कट जवळजवळ येत जाईल. कोणत्या बाजूचा हे वळणाच्या दिशेवरून ठरवू नका. काच खाली करून भिंतीच्या कडेने जा, एकदा भिंत डावीकडे, एकदा उजवीकडे. आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट परत येतो आणि बाजू लगेच कळते.

मग खाली वाकून या जॉइंटचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारं आवरण, बघा. तो फाटलेला असेल तर ग्रीस फेकलं जाऊन रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉकअपवर काळ्या शिंतोड्यांची कमान उमटलेली असते. बूट फाटलाय पण आवाज नाही, अशा वेळी जॉइंट पूर्ण धुऊन, किटसोबत आलेलं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस सगळंच्या सगळं भरून, नवीन बूट आणि नवीन क्लिप लावल्या की काम होतं. साधं चासी ग्रीस भरू नका. आवाज सुरू झाल्यावर मात्र ग्रीसने फरक पडत नाही. गोळ्यांनी आतल्या खाचांमध्ये खड्डे केलेले असतात, ग्रीस ते भरून काढू शकत नाही. जॉइंट किंवा अख्खा शाफ्ट बदलावा लागतो.

उभ्या गाडीतच स्टीअरिंग फिरवताना टण्ण किंवा गुर्र असं वाजत असेल तर वर शॉकअपच्या माथ्यावरचं स्ट्रट बेअरिंग बघा. कोणीतरी स्टीअरिंग फिरवत असताना स्प्रिंगच्या बाहेरच्या कडेला तळवा टेकवा, वेटोळ्यांच्या मध्ये बोटं घालू नका. स्प्रिंग पीळ साठवून एकदम सुटली की हाताला झटका कळतो. स्टीअरिंगच्या चाकातूनच कागद घासल्यासारखी खसखस येत असेल तर क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंग फिरतानाही एअरबॅगची वायर जोडून ठेवणारी गुंडाळलेली पट्टी). तिथे एअरबॅग आहे, ते घरी उघडायचं काम नाही.

खडखडीचा पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कमी झुकू देणाऱ्या बारच्या) लिंक रॉडवर. त्याचे छोटे बॉल जॉइंट कमी वेगात, डावं-उजवं चाक आळीपाळीने वर-खाली होणाऱ्या रस्त्यावर सगळ्यात जास्त बोलतात. तुमचं २०-३०चं वर्णन यात चपखल बसतं. चारही चाकं जमिनीवर असताना लिंक मुठीत धरून जोरात हलवा. एक बाजू जॅकवर घेतली तर बारमध्ये पीळ येतो, लिंक ताणली जाते आणि खेळ लपतो. शंका राहिलीच तर दोन्ही लिंक काढून, तारेने बाजूला बांधून, त्याच रस्त्यावर १५-२०च्या वेगात एक फेरी मारा. खडखड गेली तर निदान झालं. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून फेरी लहानच ठेवा. बसवताना मधली दांडी ॲलन कीने धरून नट आवळा, नाहीतर बॉल जॉइंट नटासोबत फिरून नवीन लिंकचं रबर पिळून फाटतं.

लिंक ठीक निघाली तर लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबराचे भाग). ब्रेक दाबताना किंवा पहिल्यातून रिव्हर्समध्ये जाताना एकच मोठा धप्प येतो, ही त्यांची खूण. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म ढकला, रबर धातूपासून सुटलेलं दिसेल. बुश बदलले तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना शेवटचे आवळून घ्या. हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. ही चूक चांगल्या गॅरेजमध्येही होते, म्हणून सांगून ठेवा.

एवढं सगळं ठीक निघालं तरच रॅक. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, कोणीतरी स्टीअरिंग दोन-तीन बोटं इकडे-तिकडे झटपट हलवेल. तुम्ही आधी स्टीअरिंग कॉलमच्या (स्टीअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) खालच्या युनिव्हर्सल जॉइंटवर, मग टाय रॉड एंडवर, मग रॅकच्या रबरी बुटावरून आतल्या जॉइंटवर हात ठेवत जा. ठोका ज्या जागी हाताला लागतो तोच भाग खराब. बऱ्याच वेळा गुन्हेगार तो युनिव्हर्सल जॉइंट असतो. काही रॅकना ढिलेपणा काढायचा ॲडजस्टर असतो, पण तो जाणकारानेच आणि फेऱ्याच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त न फिरवता आवळावा. जास्त आवळला की वळणानंतर स्टीअरिंग आपसूक सरळ होत नाही, आणि वेगात ते धोक्याचं आहे.

या तीन आवाजांखेरीज, ब्रेकच्या डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा चर्रऽऽ असा भयानक आवाज काढतो. पाऊस पडलेल्या रात्रीनंतर सकाळी डिस्कवरचा गंजही घासतो, पण तो चार ब्रेकमध्ये जातो. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर सगळ्यात आधी चाकाचे नट बघा. छोट्या गाड्यांत ते साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळायचे असतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: दोन्ही लिंक रॉड आणि बूट याच आठवड्यात बघा, स्प्रिंगवर बोटं ठेवून बेअरिंग ठरवा, टायर मागेपुढे करून पाहा. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आत्ता करू नका. नकल, लोअर आर्म, टाय रॉड यांपैकी काहीही उघडलं की टो बदलतो, त्यामुळे ती सगळी कामं झाल्यावर एकदाच करा. स्प्रिंगवर कोणत्या बाजूला खरखर लागली आणि उभ्या गाडीत कट-कट येते का, हे दोन निकाल इथे लिहा. बेअरिंगची बाजू आणि कट-कटीचं कारण त्यावरून पक्कं करता येईल.