अंदमानातील अन्नत्याग

प्रश्न : सेल्युलर जेलमध्ये प्रत्येक कैदी स्वतंत्र कोठडीत असे, असे वाचले आहे. मग तेथे १९३३ मध्ये सामूहिक अन्नत्याग कसा घडून आला?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पोर्ट ब्लेअरच्या या तुरुंगाची रचनाच कैद्यांना परस्परांपासून तोडण्यासाठी केलेली होती. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात तिमजली इमारती मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत आणि एकीच्या कोठड्यांची दारे दुसरीच्या पाठीकडे येत, त्यामुळे कैद्याला समोर माणसाचा चेहरा दिसत नसे.

तरीही संप झालेच. कोलू म्हणजे तेलाचा घाणा ओढून रोज ३० पौंड खोबरेल काढण्याची सक्ती राजबंद्यांवर होती. १९१२ मध्ये इंदुभूषण राय यांनी कोठडीत गळफास घेतला, उल्लासकर दत्त यांना वेड लागले आणि ननीगोपाल मुखर्जी यांनी अन्न सोडले. मराठी वाचकाला सावरकर बंधूंमुळे हा कालखंड परिचित आहे. त्यानंतरच्या लढ्याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले आहे, याचे मला वाईट वाटते.

१९३२ पासून सरकारने क्रांतिकारकांना पुन्हा अंदमानात धाडले, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथेच आहे. हे कैदी एकटेदुकटे नव्हते. चितगाव (शस्त्रागारावरील हल्ला) आणि लाहोर (भगतसिंग व साथीदारांवरील कट) खटल्यांतील साथीदारांचा एकमेकांवरील विश्वास तुरुंगाबाहेरच पक्का झालेला होता. शिवाय लाहोरच्या बंद्यांनी १९२९ मध्ये दीर्घ अन्नत्याग केला होता आणि त्यात ६३ दिवसांनी जतींद्रनाथ दास यांना मरताना पाहिले होते. म्हणून खाण्यायोग्य अन्न, कोठडीत दिवा, पुस्तके व वर्तमानपत्रे या मागण्यांसाठी १२ मे १९३३ रोजी अन्नत्याग सुरू झाला, तेव्हा भिंती आड आल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी नाकातून नळी घालून बळाने दूध पाजले; ते फुप्फुसात गेल्याने भगतसिंगांचे सहकारी महावीर सिंह १७ मे रोजी दगावले. मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हेही त्याच महिन्यात गेले. अखेर ४६ दिवसांनी बऱ्याच मागण्या मान्य झाल्या.

जुलै १९३७ मध्ये पुन्हा अन्नत्याग झाला. या वेळी मुख्य मागणी मायभूमीला परत नेण्याची होती. गांधीजी आणि काँग्रेसच्या विनंतीवरून तो थांबला आणि राजबंद्यांची शेवटची तुकडी जानेवारी १९३८ मध्ये अंदमानातून निघाली.