आधी धरण बघ

अगं, वाग्नर या जर्मन संगीतकाराची अख्खी 'रिंग', म्हणजे चार भागांची ऑपेरा-मालिका, एका दमात बघू नकोस, पंधरा तासांच्या आसपास जाते. फ्रेंच दिग्दर्शक शेरोच्या, जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवातल्या प्रयोगाचा फक्त पहिला भाग लाव. पडदा उघडतो आणि ऱ्हाइन नदीच्या जागी थेट जलविद्युत धरण! गंगापूर धरणावर संध्याकाळी घालवलेल्या आपल्या नाशिककरांना ते लगेच भिडतं. १९७६ साली लोकांनी या प्रयोगाची हुर्यो केली होती. १९८० च्या शेवटच्या प्रयोगाला मात्र टाळ्या थांबेनात. चित्रीकरण ब्रायन लार्जचं. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की रंगमंच निसटतो, हे मला खटकतं. पडद्यामागचा माहितीपट नंतर बघ, आधी बघितलास तर धक्का जाईल. आणि नाट्यसंगीताच्या सवयीने समेची वाट बघू नकोस, बाई!