तेल आणि कॅप्टन: पानं का करपली?

प्रश्न: कोळी किडीसाठी फवारणीचं तेल आणि कॅप्टन हे बुरशीनाशक एकत्र मारलं. काही दिवसांत सफरचंदाच्या कोवळ्या पानांवर तपकिरी ठिपके आले. हा रोग आहे का?

उत्तर: बहुधा रोग नाही, मिश्रणाचा चटका आहे. तेल पानावरचा मेणाचा थर मऊ करून औषधाला आत वाट देतं. डायफेनोकोनॅझोलसारख्या आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून काम करणाऱ्या बुरशीनाशकाला ते हवंच असतं. कॅप्टन मात्र स्पर्शजन्य. ते पानावरच राहायला हवं. आत शिरलं की पेशी मारतं. कोवळ्या पानाचा मेणथर पातळ, म्हणून ठिपके तिथे आधी दिसतात. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण नव्या पानांवर ठिपके नसतील तर घाबरू नका.

यापुढे कॅप्टन किंवा गंधक आणि तेल यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. आधी कोणतंही मारा, अंतर तेच.

तेलासोबत चालणाऱ्या औषधांच्या जोडीतही, लेबल पाहूनच, टाकी निम्मी भरून आधी पावडर, मग द्रव औषध, शेवटी तेल घाला. 1 टक्क्यासाठी 100 लिटर पाण्यात 1 लिटर तेल. ढवळणं थांबलं की तेल वर तरंगतं आणि टाकी संपत आली की तेच उरलेलं, तेलाचं दाट मिश्रण शेवटच्या झाडांना भाजतं. तहानलेल्या झाडांवर, कडक उन्हात तेल मारूच नका.