इंजिन बांधायचं की गाडी विकायची?

प्रश्न : माझी टाटा 1613, सहा टायरी, कमिन्स इंजिनाची गाडी आहे. नोंदणी ऑगस्ट 2014 ची. नाशिक भागातून इंदूर, सुरतेला कांदा जातो, महिन्याला साधारण 5,000 किमी होतात. लिटरला पाच किमीचं ॲव्हरेज 4.2 वर आलंय. 500 किमीला लिटरभर ऑइल टाकावं लागतं, घाटात गाडीला दम लागतो. मेकॅनिक इंजिनाच्या कामाचे 1,85,000 सांगतो. एजंट गाडीचे 4,50,000 द्यायला तयार आहे. काय करू?
– एक वाचक, निफाड

उत्तर : आधी आरसी बुक काढा. तुमची गाडी दोन ॲक्सलची आहे. अशा गाडीला नॅशनल परमिट, म्हणजे दुसऱ्या राज्यांत माल न्यायचा परवाना, पहिल्या नोंदणीपासून 12 वर्षांपर्यंतच मिळतं (मल्टिॲक्सल, म्हणजे दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला 15 वर्षं). म्हणजे ऑगस्ट 2026 नंतर नॅशनल परमिटवर इंदूर आणि सुरत दोन्ही बंद. इंजिन कितीही चांगलं बांधलं तरी ही तारीख हलत नाही, म्हणून हिशोब इथूनच सुरू करावा लागतो.

आज तुमचं जादा डिझेल महिन्याला 190 लिटर जातंय. 90 रुपये लिटर धरलं तर 17,000, वर दहा लिटर ऑइलचे तीनेक हजार. काम करून जुनं ॲव्हरेज पूर्ण परत आलं, तर 1,85,000 वसूल व्हायला नऊ-दहा महिने लागतील. परमिट संपल्यावर गाडी वाशी मार्केट, जेएनपीटी बंदर अशा राज्यातल्या भाड्यावर राहिली आणि महिन्याला 3,000 किमीच झाले, तर बचत 12,000 वर येते आणि तोच खर्च फिटायला पंधरा महिने जातात. राज्यातलं कायमचं भाडं हातात असेल तर तेही चालेल. नसेल तर परमिट जिवंत असतानाच, संपायच्या चार-पाच महिने आधी गाडी विका. परमिट गेल्यावर गिऱ्हाईक कमी होतं आणि भाव पडतो.

पण 1,85,000 चं काम खरंच आहे का, हे अजून ठरलेलं नाही. ऑइल जातंय म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, असं सरसकट धरू नका. ऑइल मुख्यतः तीन वाटांनी जातं. पहिली वाट हवेच्या कॉम्प्रेसरची. ब्रेकच्या हवेच्या टाकीखालचा कॉक उघडा. नुसतं पाणी आलं तर ठीक, पाण्यासोबत काळं चिकट ऑइल पडलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा ऑइल सोडतायत. ते काम इंजिनाच्या मानाने किरकोळ आहे. दुसरी वाट टर्बोची. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा होज सोडा आणि बोट फिरवून पाहा. आत ऑइल साचलेलं असेल आणि शाफ्ट हाताने वरखाली हलत असेल, तर टर्बो आधी.

या दोन्ही वाटा कोरड्या निघाल्या तरच तिसऱ्या वाटेकडे, म्हणजे इंजिनाकडे वळा. गाडी वीसेक किमी चालवून गरम करा, आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. झाकण जागेवर थरथरत राहिलं तर दाब चालण्याजोगा आहे. उडून पडलं आणि ब्रीदर पाइपातून गाडी ‘हवा मारते’ असं दिसलं, तर रिंगा आणि बोर (पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक) गेलेत. मग इंजिन चालू ठेवून एकेक नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाइप नट जरासा ढिला करून आवाज ऐका. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावरही इंजिनाचा आवाज खाली येत नाही, तो अशक्त. नोझल खराब असलं तरी असंच होतं, म्हणून ते काढून टेस्टरवर लावून बघा. हातमोजे घाला, फवाऱ्यासमोर बोट धरू नका. ही चाचणी जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीपुरतीच आहे, कॉमन रेलच्या गाडीत पाइप चालू इंजिनावर कधीच सोडू नये.

घाटात दम लागण्याचं आणि ॲव्हरेज पडण्याचं कारण कित्येकदा नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन, चोंदलेला एअर फिल्टर, चिकटून राहणारे ब्रेक किंवा घसरणारी क्लच प्लेट असतं. उतरल्यावर ड्रमला पाणी मारून पाहा, एकाच चाकावर चर्र झालं तर ते चाक ओढतंय.

आता मेकॅनिकला काय विचारायचं ते. हे 5.9 लिटरचं कमिन्स इंजिन, त्याच्या ब्लॉकमध्ये लायनर, म्हणजे बदलता येणारी वेगळी नळी, नसतात. मूळ बोर 102 मिमी. झिजला की 0.5 मिमी, त्यानंतर 1 मिमी मोठा करून त्या मापाचे पिस्टन टाकतात. याआधी काम झालं असेल तर पिस्टनच्या माथ्यावर माप कोरलेलं सापडेल. 1 मिमी वापरून झालं असेल तर ब्लॉकला स्लीव्ह घालावी लागते, खर्च वाढतो. नुसत्या नव्या रिंगा टाकून ‘हाफ’ काम स्वीकारू नका. बोर अंडाकृती झाला असेल तर गोल रिंग त्यात बसत नाही, आणि दोन-चार महिन्यांत ऑइल पुन्हा सुरू. बोर वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजून कागदावर लिहून घ्या. हेडची प्रेशर टेस्ट आणि क्रँकचं माप दरातच धरलंय का, हेही विचारा.

आणि चेसिस. मागच्या स्प्रिंग-पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि केबिनच्या मागे रिव्हेटांभोवती माती खरवडून रॉकेल लावा, पुसा, वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर थोड्या वेळात खडूवर बारीक ओली रेघ उमटते. तिथे आडवं वेल्डिंग झालेलं असेल तर या गाडीवर मोठा खर्च करू नका, वेल्डच्या कडेने चेसिस पुन्हा तडकते.

आमचं मत : कॉम्प्रेसर, टर्बो, नोझल पाहून चाळीस-पन्नास हजारांत भागत असेल तर ते करून परमिटच्या मुदतीपर्यंत चालवा आणि विका. बोरच गेला असेल आणि राज्यातलं पक्कं भाडं नसेल, तर आहे तशीच द्या. विकण्याआधी केलेलं फुल इंजिन भावात पूर्ण वसूल होत नाही.

प्रश्न : गाडी विकली, पैसे मिळाले, पण घेणाऱ्याने नाव बदललेलं नाही. मला त्रास होईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : होऊ शकतो, आणि मोठा. अपघाताच्या भरपाईत आरटीओच्या नोंदीतला मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत फॉर्म 29 ने आरटीओला कळवायचं असतं. उशीर झाला असला तरी आजच द्या आणि पोच घ्या. घेणाऱ्याचा फॉर्म 30 वेगळा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 घेऊन तो आधी उतरवा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटकडे ठेवू नका.

प्रश्न : 2006 ची टाटा 407 शेतावर उभी आहे. पासिंग करावं की भंगारात द्यावी?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी लागतं, आणि 15 वर्षांवरच्या गाडीची फी 2022 पासून खूप वाढली आहे. शेतमाल बारमाही जात नसेल तर भंगारात द्या, पण रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नको. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. त्यावर नव्या व्यावसायिक गाडीच्या रोड टॅक्समध्ये 15 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची केंद्राच्या नियमात तरतूद आहे. भंगारवाल्याकडे गाडी गेली आणि नोंदणी रद्द झाली नाही, तर कर तुमच्या नावावर चढत राहतो.