वकील लिंकन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अब्राहम लिंकनच्या जयंतीनिमित्त फेब्रुवारीच्या अंकात छोटं टिपण दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत त्याच्या अध्यक्षपदापेक्षा वकिलीबद्दलच जास्त विचारणा आहे. निवडक प्रश्न घेत आहोत.

मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिंकन धड शाळेतही गेला नव्हता म्हणतात. मग त्याला सनद मिळाली कशी? (कोल्हापूर)

सगळं मिळून आपलं शिक्षण वर्षभराचंही भरणार नाही, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. लॉ कॉलेजची पायरी तो चढला नाही, पण इलिनॉय राज्यात तेव्हा त्याची गरजही नव्हती. १८३४ मध्ये तो राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आला. तिथला सहकारी जॉन टॉड स्टुअर्ट वकील होता, त्याने आपली पुस्तकं वाचायला दिली. पोटासाठी पोस्टमास्तरकी आणि जमीनमोजणी चालूच होती.

सनदेचे टप्पे तीन. मार्च १८३६ मध्ये काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कोर्टाकडून चांगल्या चारित्र्याचा दाखला, ९ सप्टेंबर १८३६ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या सहीचा परवाना आणि १ मार्च १८३७ ला वकिलांच्या पटावर नाव. त्यानंतर दीड महिन्यात तो स्प्रिंगफील्डला येऊन स्टुअर्टचा भागीदार झाला.

काय वाचावं, हेही त्याच्याच शब्दांत उपलब्ध आहे. १८६० मध्ये एका तरुणाने विचारल्यावर त्याने कळवलं: आधी इंग्लिश कायद्यावरचं ब्लॅकस्टोनचं भाष्य, तेही नीट लक्ष देऊन दोनदा. मग क्रमाने चिटीचं प्लीडिंग (दावे-कैफियती कशा लिहायच्या ते), ग्रीनलीफचा पुराव्याचा कायदा, स्टोरीची इक्विटी (न्यायबुद्धीवर आधारलेला कायदा). मात्र नुसत्या वाचनाने कागद तयार करता येत नाहीत. लिंकनचीही तीच अडचण होती. दावा आणि कैफियत काटेकोरपणे कशी लिहायची, हे तो १८४१ नंतर स्टीफन लोगन या दुसऱ्या भागीदाराच्या हाताखाली शिकला.

तो गरिबांच्या केसेस फुकट लढायचा, हे कितपत खरं? (परभणी)

थोडं खरं, बरंचसं गोडवे गाण्यातलं. पाच हजारांहून अधिक प्रकरणांत त्याचं नाव सापडतं, आणि त्यातला मोठा भाग उधारी आणि वचनचिठ्ठ्यांच्या वसुलीचा आहे. नेहमीची फी ५ ते २० डॉलर. वसंतात आणि शरदात, वर्षातून दोन वेळा, न्यायाधीश आणि वकिलांचा तांडा काउंटीमागून काउंटी फिरायचा, एका फेरीला दोन-अडीच महिने. दिवसभर एकमेकांविरुद्ध भांडायचं आणि रात्री एकाच खाणावळीत, कधी एकाच बिछान्यावर झोपायचं.

सर्वांत मोठी फी इलिनॉय सेंट्रल रेल्वेकडून मिळाली. या कंपनीने उत्पन्नाचा हिस्सा राज्याला द्यायचा आणि बदल्यात तिला इतर करांतून सूट, असा तिच्या स्थापनेच्या सनदेतला करार. तरी मॅक्लीन काउंटीने कर लावला. ते टिकलं असतं तर वाटेवरच्या प्रत्येक काउंटीने हात पसरले असते. लिंकनने १८५६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात कंपनीला जिंकून दिलं. एवढं मोठं बिल पाहून कंपनीने हात आखडला, तेव्हा १८५७ मध्ये त्याने आपल्याच अशिलावर दावा लावला आणि ५,००० डॉलर पदरात पाडून घेतले. शिरस्त्याप्रमाणे त्यातले निम्मे भागीदार विल्यम हर्नडन याला दिले.

दप्तर मात्र अगदीच गबाळं. महत्त्वाचे कागद तो उंच टोपीत ठेवायचा. १८५० मध्ये एका वकिलाला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याची माफी मागताना लिहिलेलं कारण असं: पत्र जुन्या टोपीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी नवी टोपी घेतली, जुनी बाजूला पडली आणि तिच्याबरोबर पत्रही. ऑफिसात कागदांचा एक गठ्ठाही होता. कुठेच सापडलं नाही तर यात बघा, अशी चिठ्ठी त्याच्यावर लावलेली.

पंचांग दाखवून त्याने आरोपीला सोडवलं, ही गोष्ट खरी की रचलेली? (डोंबिवली)

खरी, पण सांगताना बिघडलेली. त्या रात्री चंद्र नव्हताच, असं बहुतेक जण सांगतात. चंद्र होता, आणि पक्षही शुक्लच होता.

२९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री मेट्झकर नावाच्या माणसाला मारहाण झाली आणि काही दिवसांनी तो वारला. आरोपी डफ आर्मस्ट्राँग. त्याच्या आईवडिलांच्या घरी लिंकन तरुणपणी राहिला होता, म्हणून या खटल्याची फी घेतली नाही. मुख्य साक्षीदार चार्ल्स ॲलन म्हणाला, अकराच्या सुमारास, दीडशे फुटांवरून, लख्ख चांदण्यात मी पाहिलं. लिंकनने त्याला अडवलं नाही. चांदणं होतं, चंद्र वर होता, हे त्याच्याच तोंडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. साक्षीदार पुरता बांधला गेल्यावरच पंचांग पुढे केलं. त्यात चंद्र तेव्हा मावळतीला टेकलेला. ७ मे १८५८ ला बीअर्ड्सटाउनच्या कोर्टात आर्मस्ट्राँग निर्दोष सुटला.

लिंकनने खोटं पंचांग आणलं, अशी कुजबूज पुढे बराच काळ चालली. त्या तिथीचा चंद्र एरवी आणखी उशिरा मावळतो, त्यामुळे शंका येणं स्वाभाविकच होतं. पण त्या रात्री चंद्र आकाशात फार दक्षिणेला होता, म्हणून मध्यरात्रीच्या सुमारासच मावळला. खगोलगणितानेही आता तेच दाखवलं आहे.

गुलामगिरीचा कट्टर विरोधक असलेल्या माणसाने गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं होतं का? (पुणे)

हो. ऑक्टोबर १८४७, कोल्स काउंटी. केंटकीचा रॉबर्ट मॅटसन आपल्या गुलामांना इलिनॉयमधल्या शेतावर आणत असे. त्यातल्या जेन ब्रायंट आणि तिच्या चार मुलांना परत ताब्यात मिळावं म्हणून तो कोर्टात गेला. मजूर हंगामापुरतेच आणले आहेत, त्यामुळे गुलामगिरीला बंदी असलेल्या इलिनॉयचा कायदा त्यांना लागू नाही, ही बाजू लिंकनने मांडली. तो हरला आणि ते कुटुंब मुक्त झालं. सहा वर्षं आधी, १८४१ मध्ये, याच लिंकनने नान्स या काळ्या तरुणीच्या विक्रीची वचनचिठ्ठी राज्याच्या सुप्रीम कोर्टात रद्द करून घेतली होती. ती गुलाम असल्याचा पुरावा नाही, आणि मुक्त माणूस विकता येत नाही, हा तिथला मुद्दा. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवूनच वाचावीत. येईल तो पक्षकार घेण्याची तेव्हाच्या वकिलांची रीत होती, एवढं म्हणून मॅटसन प्रकरण झाकता येणार नाही.

लिंकनच्या १८६३ च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम एकदम मुक्त का झाले नाहीत? (सांगली)

कारण तो वकिलाने लिहिला होता. राज्यांमधल्या गुलामगिरीला हात घालायचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षाला दिलेला नव्हता. पण गुलामगिरीवरून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांशी तेव्हा युद्ध चालू होतं. सरसेनापती म्हणून शत्रूचं बळ काढून घेता येत होतं, तेवढ्यावरच लिंकनने सगळं उभं केलं. म्हणून त्या मजकुराची भाषा जप्तीच्या नोटिशीसारखी रुक्ष आहे. २२ सप्टेंबर १८६२ ला शंभर दिवसांची पूर्वसूचना, १ जानेवारी १८६३ ला अंमल, तोही फक्त बंडखोर प्रदेशापुरता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही संघाबरोबर राहिलेली गुलामगिरीची राज्यं वगळली. टेनेसीचं नावच बंडखोर राज्यांच्या यादीत नाही. लुइझियानाचे तेरा जिल्हे नावानिशी बाजूला काढले. बंडाबाहेरच्या भागावर युद्धाधिकार लावला असता तर कोर्टात टिकला नसता.

युद्ध संपल्यावर या अधिकाराचं काय, ही भीती त्यालाही होती. इलाज एकच, गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती. देशाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ती जून १८६४ मध्ये पडली. ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. दोन तृतीयांशाला ११७ लागत होती, म्हणजे जेमतेम दोन जास्त. ६ डिसेंबर १८६५ ला छत्तीसपैकी सत्ताविसाव्या राज्याने मान्यता दिली, तेव्हा लिंकनच्या हत्येला जवळपास आठ महिने झाले होते. केंटकी आणि डेलावेअरमधले उरलेले गुलाम सुटले ते तेव्हा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी केलेलं काम ते हेच.

आमच्या शाळेत लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र लावलं आहे. मूळ इंग्रजी कुठे मिळेल? (रत्नागिरी)

लिंकनच्या संग्रहित लेखनात असं पत्र नाही. मजकूर सुंदर आहे, भिंतीवर खुशाल राहू द्या, फक्त खालचं नाव काढा. विद्यार्थ्यासाठी त्याने खरोखर लिहिलेलं पत्र हवं असेल तर २२ जुलै १८६० चं घ्या. मुलगा रॉबर्ट याचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला होता. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता, तरी बातमी कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पोराला लिहिलं की पुन्हा बस, जमेल. रॉबर्टही आदल्या वर्षी त्याच परीक्षेत नापास झाला होता.