अकरा अलार्म लावणारा माणूस

मी समुपदेशक, आणि नात्यातल्या भांडणांच्या खालोखाल माझ्याकडे येणारी तक्रार कुठली असेल तर ती ही, "मॅडम, सकाळी लवकर उठायचं ठरवतो, तीन-चार दिवस जमतं आणि मग सगळं मुसळ केरात." गंमत म्हणजे लोक हे गुन्हा कबूल केल्यासारखं मान खाली घालून सांगतात. म्हणून एक केस सांगते. परवानगी घेतलीये आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

गृहस्थ पस्तिशीचे, हिशोबाचं काम, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. पहिल्याच भेटीत त्यांनी बॅगेतून वही काढली. पट्टीने आखलेले रकाने, पाचला उठणे, पाणी, ध्यान, व्यायाम, वाचन, डायरी, गार पाण्याची आंघोळ, दिवसाचं प्लॅनिंग आणि शेवटी कृतज्ञता. नऊ गोष्टी! पहिले तीन दिवस हिरव्या टिका, मग लाल फुल्या, मग कोरं, आणि दोन पानं उलटली की नवा तक्ता, नवी तारीख, बहुतेक सोमवारची. असे सात तक्ते मोजले मी. कृतज्ञतेपुढे पण लाल फुली बघून मला हसू आवरेना, मग तेही हसले.

म्हटलं, आता फोनमधले अलार्म दाखवा. अकरा निघाले. पाचपासून सहा पन्नासपर्यंत, आणि प्रत्येकाला नाव दिलेलं. म्हटलं मोठ्याने वाचा. "ऊठ." "ऊठ की रे." "आज पण?" इथपर्यंत हसत वाचलं. पुढचा होता "लाज वाटू दे" आणि त्यापुढचा "तू असाच राहणार". तिथे आवाज बसला त्यांचा, फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. रोज डोळे उघडायच्या आत हा माणूस स्वतःच्याच शिव्या खात होता, कशाला उठावंसं वाटेल?

अशा केसमध्ये मी आधी काही गोष्टी विचारून घेते. खूप घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही असं झालंय का. यातलं काही असेल तर रुटीनच्या गप्पा मारण्यात अर्थ नसतो, आधी डॉक्टर. यांचं तसं काही नव्हतं. मग एकच काम दिलं, आठवडाभर काहीही सुधारायचं नाही, झोप कधी लागली आणि जाग कधी आली तेवढं लिहायचं.

कागद आला तेव्हा सगळं समोरच होतं. झोपायला रोज सव्वा, दीड. उठायला सहा पन्नास, म्हणजे जेमतेम साडेपाच तास, आणि मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास लागतात. रविवारी साडेदहाला उठले होते. म्हणजे पाच-सहा दिवस एका देशात आणि रविवारी दुसऱ्या देशात राहून सोमवारी परत यायचं असा प्रकार. याला संशोधकांनी सोशल जेटलॅग असं नावच दिलंय, विमानात न बसता होणारा जेटलॅग. त्यात हे पाचला उठायला निघाले होते, सव्वाला झोपून! मी त्यांना हिशोबच मांडायला लावला, धंदाच तो त्यांचा. पावणेचार तास. स्वतःच म्हणाले, "हे जमलं असतं तरी मेलो असतो."

मग खरा प्रश्न विचारला, की सव्वा का वाजतो? मुलगी साडेदहाला झोपते, आवराआवर होते, मग अकरापासून हे फोन घेऊन सोफ्यावर. "काय बघतो ते सकाळी आठवत पण नाही मॅडम. पण दिवसभरात तेवढाच वेळ असतो की कोणी काही मागत नाही."

हे ऐकूनही मी चूक केली, ती पण सांगते. मी सांगितलं, साडेदहाला फोन बंद आणि सरळ अंथरुणात. दोन आठवड्यांनी आले ते चिडूनच. घरी भांडणं झाली होती, झोप तर लागतच नव्हती, आणि मला म्हणाले, "तेवढं एक माझं होतं, ते पण तुम्ही काढून घेतलंत." बरोबर होतं त्यांचं. ज्या माणसाला दिवसात स्वतःचा म्हणून वेळच नाही तो झोपेतून चोरणारच, आणि मी चोरी पकडली पण भूक बघितलीच नाही.

मग नव्याने बसलो. ठरलं असं, की मुलगी झोपल्यावर पाऊण तास त्यांचा, चोरून नाही, घरात सांगून. फोन तेवढा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, बाकी काहीही करा, भिंतीकडे बघत बसा. बायको म्हणाली, "मग मला पण पाहिजे असा वेळ." (मला वाटलंच होतं.) तर एक दिवसाआड आवराआवर एकाकडे, असा तह झाला. साडेअकराला दिवा बंद. उठायचं पावणेसातला, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या वेळेच्या फक्त पाच मिनिटं आधी, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला, त्यांना माझ्याकडून काहीतरी भारी पाहिजे होतं. रविवारी फार तर साडेसात. अलार्म एकच, आणि फोन दुसऱ्या खोलीत असल्यामुळे उठून जाऊन बंद करायचा.

उठल्यावर काम एकच, दहा मिनिटं बाहेर उजेडात. ध्यान नाही, डायरी नाही. याचं कारण असं की आपल्या आतलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांपेक्षा थोडं जास्त चालतं, साधारण २४.२ तास, आणि त्याला रोज मागे ओढायचं काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. घरातल्या दिव्याखाली काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, बाहेर ढगाळ सकाळी सुद्धा काही हजार, त्यामुळे खिडकीआड बसून ते तितकं होत नाही. शिवाय उठल्याउठल्या डोकं जड असणं हे आळशीपणाचं लक्षण नाही, मेंदू पूर्ण जागा व्हायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो, आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात आपण स्वतःबद्दल निकाल देऊन मोकळे होतो. संध्याकाळी सहाची कॉफी पण दुपारी दोनच्या आत आणली, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास घेतं.

दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यात मुलगी तापली, चार रात्री जागरण, सगळं कोलमडलं, आणि यांचा मेसेज आला, "सोमवारपासून परत सुरू करतो." मी फोनच केला. म्हटलं सोमवार नाही, उद्या, आणि जमलं नाही तर परवा, नवा तक्ता आखायचा नाही. सवय २१ दिवसांत लागते हे खूळ पण त्यांच्या डोक्यात होतं. लंडनमध्ये ९६ लोकांवर अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आलाय, त्यात सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे मी सात वेळा उगाचच शून्यावर आलो." मी काही बोलले नाही.

अडीच महिन्यांनी शेवटच्या भेटीला आले. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मुलीने हत्ती काढलेत. सकाळी नऊपैकी एकच गोष्ट होते, पाणी, आणि वर बाहेरची चक्कर, तीही आता वीस मिनिटांची, व्यायाम अजून होत नाही आणि गार पाण्याची आंघोळ कायमची रद्द. निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "पाचला उठायचं राहिलंच की मॅडम."

म्हटलं, अहो पण पाचला उठून तुम्हाला करायचं काय होतं?

विचार करून म्हणाले, "वाचायचं होतं थोडं, शांतपणे." मग स्वतःशीच हसले. रात्रीच्या त्या पाऊण तासात सध्या ते तेच करतात.